नवे .२२ पिस्तूल हाताला बसेपर्यंत

महाराष्ट्रात पिस्तूल नेमबाजीकडे वळणारी बहुतेक मुले सुरुवात करतात ती दहा मीटरच्या एअर पिस्तुलाने. दाबलेली हवा, शिशाचा इवलासा पेलेट, धक्का जवळजवळ नाहीच. गुण जरा स्थिरावले की प्रशिक्षक पंचवीस मीटरचा विषय काढतात आणि घरात .२२ पिस्तुलाची चर्चा सुरू होते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते याच पंचवीस मीटर प्रकारात. त्याआधी नेमबाजीत महाराष्ट्राचे नाव घेतले जायचे ते प्रामुख्याने रायफलसाठी. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत ही सगळी रायफलवाली मंडळी. आता कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या रेंजवर पिस्तुलाच्या फायरिंग पॉइंटलाही गर्दी असते.

सामन्याच्या दर्जाचे .२२ पिस्तूल परदेशातून येते आणि हातात पडेपर्यंत खर्च लाखांच्या घरात जातो. एवढे पैसे मोजून आणलेले पिस्तूल पहिल्याच दिवशी तीनदा अडले की घरचे आणि नेमबाज दोघेही हवालदिल होतात. मग कोणी स्प्रिंग बदलायला सांगतो, कोणी कानस काढतो. माझे ठाम मत असे की सुरुवातीच्या अशा तक्रारींमागे बहुतेकदा गोळी, वंगण, मॅगझिन किंवा मूठ यांपैकी काहीतरी असते. या चारही गोष्टी धातूला हात न लावता सुधारता येतात. त्यासाठी थोडा धीर आणि एक वही लागते.

आधी परवाना, मग पसंती

एअर पिस्तूल आणि .२२ यांच्यामध्ये कायद्याची मोठी भिंत आहे. .२२ हे अग्निशस्त्र, त्यामुळे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू होतात. परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस चौकशी होते, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय दाखवावी लागते, हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसामान्य नागरिकाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. खेळाडूंसाठी सवलतीच्या तरतुदी वेगळ्या आहेत. राष्ट्रीय स्पर्धेत भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेने ठरवलेले किमान पात्रता गुण मिळवलेला नेमबाज ‘नामांकित नेमबाज’ ठरतो आणि त्याला जास्त शस्त्रे बाळगता येतात. उभरत्या आणि कनिष्ठ नेमबाजांसाठीही स्वतंत्र तरतूद आहे.

वयाचा मुद्दा पालकांच्या लक्षात राहत नाही. २१ वर्षे पूर्ण होण्याआधी सर्वसाधारण परवाना मिळत नाही. त्याहून लहान नेमबाजांना सरावाची मुभा आहे, पण नियमांच्या चौकटीत आणि देखरेखीखाली. म्हणून सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने पहिले वर्ष-दोन वर्षे क्लबच्या किंवा संघटनेच्या पिस्तुलावर सराव करावा हेच शहाणपणाचे. त्यात आणखी एक फायदा आहे. वेगवेगळी पिस्तुले हाताळून झाली की स्वतःचे घेताना पसंती डोळस होते.

अर्ज, आयात, सीमाशुल्क, परवान्यावरची नोंद या सगळ्यात बराच काळ जातो. हा काळ वाया गेला असे समजू नये. लागणारी सगळी कागदपत्रे राज्य संघटनेच्या कार्यालयात बसून एकदा नीट समजून घ्यावीत. ऐकीव माहितीवर परदेशी विक्रेत्याला आगाऊ रक्कम पाठवू नये.

काडतुसाचा स्वभाव

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून जवळपास आहे तसेच चालत आले आहे. मोठ्या काडतुसांत बुडाच्या मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते आणि फायरिंग पिन तिच्यावर आपटते. .२२ मध्ये अशी टोपी नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो. पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो आणि दारू जळते. म्हणूनच इंग्रजीत याला रिमफायर म्हणतात. वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही.

या रचनेतून दोन गोष्टी ओघाने येतात. एक, मसाला कडेभोवती सगळीकडे सारखा पसरला नसेल तर एखादी गोळी उडत नाही. तीच गोळी जराशी फिरवून पुन्हा मारली तर उडते. दुसरी, गोळी उघड्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणासारखे वंगण बाहेरूनच लावलेले असते. ते वंगण नळीत, चेंबरमध्ये, बोल्टच्या तोंडावर साचत जाते. काजळी आणि वंगणाचा हा राप .२२ च्या निम्म्या दुखण्यांचे मूळ असतो.

सामन्यांसाठीच्या .२२ गोळीचे वजन साधारण २.६ ग्रॅम असते आणि वेग सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली. याला स्टँडर्ड व्हेलॉसिटी म्हणतात. ‘हाय व्हेलॉसिटी’च्या गोळ्या त्याहून बऱ्याच वेगवान. पंचवीस मीटरवर त्या वेगाचा उपयोग काहीच नाही. उलट पिस्तूल जास्त उसळते आणि बोल्ट मागे जोरात आपटतो.

कोणते घ्यावे

आपल्याकडच्या आणि जगातल्या पंचवीस मीटरच्या रेंजवर ठरावीक नावे दिसतात: इटलीचे पार्डिनी एसपी, स्वित्झर्लंडचे मोरिनी सीएम २२, जर्मनीचे वॉल्थर जीएसपी आणि फाइनवर्कबाऊचे एडब्ल्यू ९३. या सगळ्यांत मॅगझिन मुठीत न बसता चापाच्या पुढे बसते. त्यामुळे मुठीला हवा तो आकार देता येतो आणि नळी हाताच्या जवळ, खाली ठेवता येते. नळी जितकी खाली, तितकी ती धक्क्याने कमी उचलते. जलद मालिकेत पुढच्या गोळीसाठी हाच फरक कामाला येतो.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे मोजमाप पक्के आहे. पंचवीस मीटरच्या .२२ पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, दोन साइट्समधले अंतर २२० मिलिमीटरच्या आत हवे. पूर्ण पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. जुने किंवा वेगळ्या धाटणीचे पिस्तूल घेताना ही मापे हातात घेऊनच बसावे, कारण सामन्याआधी उपकरण तपासणीत ते नापास झाले तर तिथे कोणी ऐकून घेत नाही.

या चार नावांमधले अचूकतेचे अंतर शिकाऊ नेमबाजाच्या दृष्टीने नगण्य आहे. पंचवीस मीटरच्या अचूकता-लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो, आणि जलद मालिकेच्या लक्ष्यावर तर १०० मिलिमीटर. यांतले कोणतेही पिस्तूल टेकणीवर ठेवून मारले तर त्याहून बरेच लहान जमाव, म्हणजे भोकांचा घोळका, देते. मग निवड कशावर करायची? हातात कोणते नैसर्गिक बसते, वजन पुढे जास्त वाटते की मागे, आणि आपल्या शहरात त्याचे सुटे भाग व ते खोलून जोडणारा माणूस मिळतो का, यावर. तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रेंजवर चार जणांकडे एकच मॉडेल असेल तर एखादी एक्स्ट्रॅक्टर स्प्रिंग किंवा फायरिंग पिन उसनी मिळते. एकट्याकडेच असलेल्या पिस्तुलाचा साधा भाग मागवायला महिने लागतात.

जुने पिस्तूल घ्यायलाही हरकत नाही. नेमबाज चांगली निगा राखतात आणि पदक मिळाले की पुष्कळदा नवे घेतात. मात्र बोल्ट बाहेर काढून चेंबरची कड भिंगाखाली पाहावी. काडतुसाशिवाय वारंवार चाप ओढला गेला असेल तर फायरिंग पिनने त्या कडेवर खाच पाडलेली दिसते. ती खोल असेल तर गोळी नीट आत बसत नाही आणि रिकामी पुंगळी ओढताना अडते. मॅगझिनचे ओठ सरळ आहेत का, एक्स्ट्रॅक्टरची नखी झिजली आहे का, हेही पाहावे.

मूठ

इथे घाई करू नये. सामना-पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची, पंजाच्या आकाराची आणि लहान, मध्यम, मोठ्या मापांत मिळते. खाली तळहाताच्या कडेला टेकणारी सरकती फळी असते, तिला पाम शेल्फ म्हणतात. डावखुऱ्यासाठी मूठ वेगळीच मागवावी लागते.

बसते का हे तपासायची जुनी, विश्वासाची रीत अशी. पिस्तूल रिकामे आहे, मॅगझिन बाहेर आहे, चेंबरमध्ये नारिंगी सेफ्टी फ्लॅग आहे याची खात्री करा. कोऱ्या भिंतीसमोर सामन्यात उभे राहता तसे उभे राहा. डोळे मिटून हात नेहमीच्या उंचीला आणा, श्वास अर्धवट सोडा, क्षणभर थांबा आणि डोळे उघडा. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत मधोमध, वरची कड समपातळीत दिसली तर मूठ तुमची आहे. ती दर वेळी डावीकडेच सरकलेली दिसत असेल तर पिस्तूल पंजात फिरून बसते आहे. वर किंवा खाली दिसत असेल तर मुठीचा कल जुळत नाही. असे एकदा दिसले म्हणून काही करू नका. आठवडाभर, सकाळी आणि दमलेल्या संध्याकाळी, दोन्ही वेळी तपासा. मनगट थकल्यावर चित्र बदलते.

पाम शेल्फ तळहाताला नुसती टेकली पाहिजे. ती वर चढवून हात आवळला की सुरुवातीला भक्कम वाटते, पण वीस गोळ्यांनंतर करंगळी बधिर होते आणि थरथर वाढते. चापाचे बोट लाकडाला कुठेही लागता कामा नये. लागले तर चाप ओढताना बोट सगळी मूठच बाजूला ढकलते. बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर काटकोनात टेकेल इतका चाप पुढे-मागे करून घ्यावा.

लाकूड घासायचे असेल तर थोडे-थोडे, आणि आधी भर घालून पाहावी. लाकडाची पुट्टी मनाजोगती बसली नाही तर काढता येते, घासून गेलेले लाकूड परत येत नाही. कुठे भर आणि कुठे घट हे प्रशिक्षकाने हात पाहून ठरवलेले बरे. मुठीच्या आकाराला नियमांची मर्यादा आहे: मनगटाला आधार देणारी मूठ चालत नाही. पहिल्या महिनाभरात सगळे बदल तात्पुरते समजावेत.

चाप

पंचवीस मीटर प्रकारात चापाचे वजन किमान १००० ग्रॅम असावे लागते. तपासणीत नळी उभी धरून वजन चापाला अडकवून उचलतात. ते चापाने उचलून धरले पाहिजे. नव्या पिस्तुलाच्या स्प्रिंगा पहिल्या काही शे गोळ्यांत जराशा सैल होतात. कारखान्यातून १००५ ग्रॅमवर आलेला चाप महिन्याभराने ९९० वर येऊ शकतो. म्हणून सुरुवातीला ३०-४० ग्रॅम जास्तच ठेवावे.

दोन टप्प्यांच्या चापात पहिला टप्पा वजनाचा मोठा भाग घेतो आणि मग एक स्पष्ट भिंत लागते. तिच्या पलीकडे उरलेले थोडे वजन. तुलनेने जड पहिला टप्पा आणि हलका दुसरा टप्पा बहुतेकांना मानवतो. जलद मालिकेत एका गोळीला तीनच सेकंद मिळतात, म्हणून हात वर येत असतानाच पहिला टप्पा घेऊन झालेला असला पाहिजे, आणि भिंत पुसट असेल तर गोळी लवकर सुटते. एअर पिस्तुलाचा चाप ५०० ग्रॅमचा, म्हणजे निम्मा. त्यामुळे नव्याने .२२ कडे आलेल्याला हा चाप दगडासारखा वाटतो. तो हलका करण्याचा मोह टाळून बोटाला सवय लावावी. सीअर, म्हणजे चापाचे आतले अडकण, घासायला तर अजिबात जाऊ नये. तिथे हाताने केलेली एक चूक पिस्तूल आपोआप सुटण्यापर्यंत जाऊ शकते.

ड्राय फायरिंग हा पिस्तूल नेमबाजीचा पाया. पण काडतूस नसताना पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते, म्हणून .२२ मध्ये ते अंधपणे करू नये. बऱ्याच सामना-पिस्तुलांत पिन न आपटता चाप सुटण्याची सोय असते. ती कशी वापरायची हे पुस्तिकेत वाचूनच सुरुवात करावी. घरी सराव करताना गोळ्या त्या खोलीतच नसाव्यात.

पेटी उघडल्यावर

नवे पिस्तूल कारखान्यातून गंज टाळण्याच्या दाट तेलात माखून येते. ते तेल चालवण्यासाठीचे नव्हे. बोल्ट काढून, कापडाने पुसून, नळीतून कोरड्या चिंध्या ओढून आतले सगळे तेल काढावे. एनसीसीत .२२ रायफल चालवलेल्यांना पुलथ्रू आणि चिंधी आठवत असेलच. रीत तीच, फक्त इथे नायलॉनचा धागा आणि फेल्टच्या गोळ्या वापरल्या की पुरे. शक्य असेल तर नळी चेंबरकडून साफ करावी. पुढच्या तोंडावरून धातूचा गज घालून केलेली सफाई नळीच्या तोंडाची कड झिजवते, आणि गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श त्या कडेलाच करते.

मग बोल्ट ज्या पट्ट्यांवर सरकतो तिथे पातळ तेलाचा एखादा थेंब पसरवावा. चेंबरमध्ये आणि मॅगझिनच्या आत तेल नको. तिथे काजळी त्याला चिकटून चिखल होतो. दिल्लीत तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर डिसेंबर-जानेवारीत खेळायला जाणार असाल तर जाड तेल किंवा ग्रीस लावून जाऊ नका. थंडीत ते घट्ट होते, बोल्ट मंदावतो आणि पुण्यात कधी न अडलेले पिस्तूल तिथे अडते.

मुठीचा, साइटचा, वजनपट्टीचा प्रत्येक स्क्रू नीट आवळून त्यावर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवावी, अर्धी स्क्रूवर आणि अर्धी शेजारच्या धातूवर. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला हे एका नजरेत कळते.

पहिली काडतुसे

पहिल्या दिवशी गुण मोजू नका. मॅगझिनमध्ये एकच गोळी घालून चालवा. मग दोन, मग पाच. एका ओढीत दोन गोळ्या सुटण्याचा दोष असलाच तर तो अशाने सुरक्षितपणे उघड होतो. तसे झाले तर तिथेच थांबून पिस्तूल जाणकाराकडे द्यावे.

पहिल्या पाच-दहा पुंगळ्या उचलून हातात घेऊन पाहा. बुडाच्या कडेवर पिनचा ठसा स्पष्ट, खोल आणि दर वेळी जवळपास एकाच जागी हवा. ठसा पुसट असेल तर पिनवर मार कमी पडतो आहे: कधी स्प्रिंगमुळे, पण बऱ्याचदा पिनच्या खोबणीत राहिलेल्या दाट तेलामुळे. पुंगळी बुडाजवळ फुगलेली दिसली तर बोल्ट पूर्ण बंद होण्याआधी गोळी उडाली असण्याची शक्यता आहे, लगेच थांबा. पुंगळीचे तोंड चेपलेले असेल तर ती बाहेर पडताना कुठेतरी आपटते आहे. तेवढ्याने बिघडत नाही, पण नोंद करावी.

यंत्र बसते म्हणजे नेमके काय होते? .२२ पिस्तूल ब्लोबॅक तत्त्वावर चालते. बोल्टला कुलूप नसते. त्याचे वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच तो बंद राहतो, आणि पुंगळीच्या मागच्या रेट्याने उघडतो. नव्या पिस्तुलात स्प्रिंग पूर्ण ताकदीची आणि सरकपट्ट्या यंत्रातून आलेल्या, किंचित खरखरीत. .२२ च्या छोट्या गोळीकडे ताकद मुळात बेताची, त्यात हे घर्षण. म्हणून पहिल्या काही शे गोळ्यांत बोल्ट कधी पूर्ण मागे जात नाही. पट्ट्या गुळगुळीत झाल्या की ही तक्रार बहुधा आपोआप कमी होते. पाचशे ते हजार गोळ्या एवढा वेळ पिस्तुलाला द्यावा, आणि तोवर दर शंभर-दीडशे गोळ्यांनंतर बोल्टचे तोंड व चेंबर पुसावे. नळी मात्र रोज घासायची गरज नाही. शिशाच्या गोळीने नळी झिजत नाही म्हटले तरी चालेल. गैर सफाईने झिजते.

वहीत प्रत्येक सत्राला तारीख, गोळ्यांची संख्या, गोळीचे नाव व लॉट क्रमांक, कोणत्या मॅगझिनमध्ये कितवी गोळी अडली, आणि कशी अडली एवढे लिहावे. मॅगझिनांवर १, २, ३ असे रंगाने आकडे टाकावेत. पंधरा दिवसांत वही सांगते की अडचण पिस्तुलात नसून दोन क्रमांकाच्या मॅगझिनमध्ये आहे. मी असा निकाल इतक्या वेळा लागताना पाहिला आहे की वही नसलेल्या नेमबाजाच्या तक्रारीवर बोलायलाच मला अवघड जाते.

अडले तर

रिकामी पुंगळी बोल्टमध्ये उभी अडकली तर बोल्ट पुरेसा मागे गेला नाही. कारणे तीन: गोळी दुबळी, वंगण दाट, किंवा मनगट सैल. सैल मनगट धक्का शोषून घेते आणि बोल्टला हवी असलेली ओढ मिळत नाही. एका हाताने मारणाऱ्या नवशिक्याकडे हे हमखास होते, आणि तेच पिस्तूल प्रशिक्षकाच्या हातात दिवसभर सुरळीत चालते.

नवी गोळी चेंबरच्या तोंडाशी नाक खुपसून अडली तर मॅगझिन पाहा. .२२ च्या पुंगळीला बाहेर आलेली कड असते. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या मागे गेली की दोन्ही एकमेकींत अडकतात. म्हणून भरताना प्रत्येक गोळीची कड खालच्या कडेच्या पुढे येईल अशी सरकवावी.

चाप ओढला आणि नुसते टिक झाले, तर पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून तीस सेकंद थांबा. गोळी उशिरा उडू शकते. त्यानंतरच बोल्ट ओढा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि लक्ष्यावर भोक दिसले नाही, तर पुढची गोळी अजिबात मारू नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते. मॅगझिन काढून, बोल्ट उघडून रेंज अधिकाऱ्याला बोलवा.

सामन्यात अडथळा आला तर पिस्तूल खाली ठेवायचे नाही, खोलायचे नाही. मूठ न सोडता नळी लक्ष्याकडे ठेवून मोकळा हात वर करायचा. दोष पिस्तुलाचा किंवा गोळीचा असेल तर नियमांनुसार मर्यादित वेळा संधी मिळते. सेफ्टी काढायला विसरलात, मॅगझिन नीट बसवले नाही किंवा अधिकारी येण्याआधी बोल्टला हात लावला, तर ती संधी जाते. ही कृती सरावातही तशीच करायची सवय ठेवावी.

गोळीची पारख

एली, आरडब्ल्यूएस, लापुआ, एसके, सीसीआय अशी नावे रेंजवर ऐकू येतात. एली आणि एसके यांच्या पिस्तुलासाठी म्हणून बनवलेल्या गोळ्याही आहेत. आपल्याकडे निवड अर्थातच उपलब्धतेवर ठरते. संघटनेकडे जे आले आहे त्यातूनच घ्यावे लागते आणि परवान्यावरच्या वार्षिक मर्यादेत बसवावे लागते. म्हणून तीन-चार प्रकारांच्या थोड्या गोळ्या घेऊन पारख करावी आणि पसंत पडली त्याच लॉटचा साठा करावा. लॉट क्रमांक डबीवर छापलेला असतो. एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो.

गोळी बदलली की पहिल्या पंधरा-वीस गोळ्यांचा निकाल धरू नये. नळीत आधीच्या वंगणाचा थर असतो. नव्याचा बसेपर्यंत जमाव पसरतो. त्यानंतर हात टेकणीवर ठेवून दहा-दहा गोळ्यांचे जमाव घ्यावेत. पाच गोळ्यांचा एखादा सुंदर जमाव बघून भुलू नये.

मी स्वतः सर्वांत लहान जमाव देणाऱ्या गोळीपेक्षा एकदाही न अडलेली गोळी निवडायला सांगतो. महिलांच्या पंचवीस मीटर प्रकारात तीस गोळ्या अचूकतेच्या आणि तीस जलद असतात. जलद टप्प्यात सात सेकंद हात खाली, तीन सेकंदांत हात वर आणून एक गोळी, असे पाच वेळा. दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे असताना जमाव १८ ऐवजी २५ मिलिमीटरचा असला तर गुण जात नाही. मालिकेच्या मध्ये पिस्तूल अडले तर एका गोळीपुरते नुकसान होत नाही, पुढच्या गोळ्यांची लयही जाते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबत आणि थायलंडची प्रतिस्पर्धी ३४ गुणांवर बरोबरीत आल्या आणि शूट-ऑफमध्ये निकाल लागला. तिथे पिस्तुलाचा विचार डोक्यात असून चालत नाही.

शिसे, पावसाळा आणि पेटी

.२२ च्या धुरात शिसे असते, गोळीतलेही आणि मसाल्यातलेही. बंदिस्त रेंजवर हवा खेळती आहे का ते पाहावे, फायरिंग पॉइंटवर खाऊ-पिऊ नये, सराव संपताच हात-तोंड साबणाने थंड पाण्यात धुवावे. रेंजचे कपडे घरी वेगळे धुतलेले बरे. कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा पहिल्या गोळीपासून. एअर पिस्तुलावर कानांना झाकण नसण्याची सवय झालेली मुले इथे हयगय करतात, म्हणून प्रशिक्षकाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा पिस्तुलाच्या कसोटीचा काळ. स्पंजाच्या गाद्या असलेली पेटी प्रवासाला ठीक, साठवणीला वाईट. स्पंज ओल धरून ठेवतो आणि आत बंद केलेल्या पिस्तुलावर आठवड्यात तांबूस ठिपके येतात. घरी आल्यावर पिस्तूल पेटीतून काढून, पुसून, बाहेरच्या धातूवर तेलाचा हलका हात फिरवून कुलूपबंद लोखंडी कपाटात ठेवावे. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात आणि महिन्यातून एकदा त्या वाळवाव्यात. हाताचा घाम तेलापेक्षा वेगाने काम करतो, म्हणून मुठीच्या वरचा धातूचा भाग दर सत्रानंतर पुसावा. गोळ्या वेगळ्या कुलपात, कोरड्या डब्यात.

सामन्याला नेण्याआधी

पाचशे-हजार गोळ्या झाल्या आणि वहीत शेवटच्या दोनशे गोळ्यांत एकही अडथळा नोंदलेला नसेल, तर पिस्तूल सामन्याला न्यायला हरकत नाही. आता साइट शेवटची जुळवावी, अचूकतेच्या मालिकेसाठी वेगळी आणि जलदसाठी वेगळी, कारण हात वर आणतानाचा नेम आणि स्थिर नेम यांच्या साइटमध्ये एक-दोन क्लिकचा फरक पडणे नेहमीचे आहे. दोन्ही आकडे वहीत पहिल्या पानावर लिहावेत. चापाचे वजन निघण्याच्या आदल्या दिवशी आणि रेंजवर पोचल्यावर पुन्हा तपासावे. पिशवीत जादा फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर त्याच्या स्प्रिंगसह, एक जादा मॅगझिन, लहान पाने, पातळ तेल आणि कापड असावे. मूळ परवाना सोबत असावा. विमानाने जाताना पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही चेक-इन सामानातच, वेगवेगळ्या बांधून, आणि कंपनीला आधी कळवून. काउंटरवर कागद तपासायला वेळ लागतो, तेव्हा विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर लवकर पोचावे.